पत्राचा कागद कोणाचा, अक्षर कोणाचे?

(वाचनालयाच्या व्याख्यानमालेत एका वकिलांनी दिलेले व्याख्यान)



आयर्लंड देशातील एका पत्राच्या लिलावाची हकीकत मी आज आपल्यापुढे मांडणार आहे, हे ऐकून आपल्यापैकी काहींना नवल वाटले असेल. आपल्यातील पुष्कळ कुटुंबांनी अलीकडेच धम्मदीक्षा घेतली आहे. नव्या जीवनाची घडी बसविण्यात ती गुंतलेली आहेत. अशा मंडळींना सातासमुद्रापलीकडच्या कागदाचे काय, असा प्रश्न कोणी विचारला तर तो अगदीच गैर म्हणता येणार नाही. परंतु स्वातंत्र्यासाठी लढलेल्या माणसांच्या हातचा कागद बाजारात आला म्हणजे त्याचे मोल कोण ठरवितो, तो विकण्याचा हक्क कोणाला आणि तो वाचण्याचा हक्क कोणाला, हे प्रश्न केवळ आयर्लंडचे नाहीत. तुमच्या घरातील जुन्या ट्रंकेपर्यंत ते येऊन पोहोचतात. ते कसे पोहोचतात हे मी ओघाने सांगेनच. प्रथम त्या पत्राची कथा ऐकावी.

सन १९१६ च्या एप्रिल महिन्यात, २४ तारखेस, डब्लिन शहरात इंग्रजी सत्तेविरुद्ध उठाव झाला. शहरातील मुख्य टपाल कचेरी बंडवाल्यांनी ताब्यात घेतली आणि तिच्या दारात उभे राहून पॅट्रिक पिअर्स यांनी आयरिश प्रजासत्ताकाचा जाहीरनामा वाचून दाखविला. हे पिअर्स पेशाने शिक्षक होते, त्यांनी स्वतः शाळा काढली होती. वकिलीची सनदही त्यांच्यापाशी होती. त्यांच्या जोडीला जेम्स कॉनोली हे मजुरांचे पुढारी होते. एडिंबरो येथील एका दरिद्री आयरिश कुटुंबात त्यांचा जन्म झाला होता आणि विद्या त्यांनी बहुतांशी आपली आपणच मिळविली होती. त्या जाहीरनाम्यावर सात जणांची नावे होती. ते सातही जण पुढे गोळीबार पथकापुढे उभे केले गेले.

उठाव सहा दिवस चालला. तोफांनी शहराचा मध्यभाग जळाला. जवळजवळ पाचशे माणसे मेली आणि त्यांत निम्म्याहून अधिक सामान्य नागरिक होते. शनिवारी, २९ एप्रिल रोजी, पिअर्स यांनी शरणागती पत्करली. नागरिकांचा आणखी संहार टळावा आणि वेढ्यात सापडलेल्या आपल्या अनुयायांचे प्राण वाचावेत म्हणून शस्त्रे खाली ठेवावीत, अशा आशयाची आज्ञा त्यांनी काढली. तिच्या टंकलिखित प्रतीवर त्यांची सही झाली. जखमी होऊन बिछान्यावर पडलेल्या कॉनोलींनी आपल्या हाताखालच्या लोकांपुरती खाली संमती लिहिली. दुसऱ्या दिवशी थॉमस मॅकडोना यांनीही सल्लामसलत करून आपली संमती जोडली. शहरात ठिकठिकाणी लढणाऱ्या तुकड्यांना ही आज्ञा खरी वाटावी म्हणून ती त्या दोन दिवसांत हातानेही लिहिली गेली, कारण शत्रूच्या छापखान्यातून निघालेल्या कागदावर कोण विश्वास ठेवील? पुढाऱ्याचे ओळखीचे अक्षर पाहिल्यावरच लोकांनी बंदुका खाली ठेवल्या. पिअर्स यांना ३ मे रोजी गोळ्या घालण्यात आल्या. कॉनोलींना १२ मे रोजी. जखमांमुळे उभे राहता येईना म्हणून त्यांना खुर्चीला बांधले गेले.

हे कागद एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी पोहोचविले कोणी? एलिझाबेथ ओ'फॅरेल नावाच्या परिचारिकेने. हाती पांढरे निशाण घेऊन, गोळीबाराच्या रस्त्यांतून ती बाई एका तुकडीकडून दुसऱ्या तुकडीकडे गेली. कॅपुचिन पंथाच्या धर्मगुरूंनीही निरोप नेण्याचे काम केले. पिअर्स इंग्रज सेनापतीपुढे शरण जात असतानाचे एक छायाचित्र प्रसिद्ध आहे. ओ'फॅरेलबाई त्यांच्या पलीकडच्या बाजूस उभ्या होत्या. चित्रात त्यांची फक्त पावले दिसतात. पुढे ते चित्र छापताना काही ठिकाणी ती पावलेदेखील पुसून टाकली गेली. पुढाऱ्याच्या सहीला लाखोंचे मोल येते, आणि जिवावर उदार होऊन ती सही पोहोचविणाऱ्या बाईची पावलेसुद्धा चित्रात शिल्लक राहत नाहीत! ज्यांच्या आज्यांनी मोर्चाच्या भाकरी भाजल्या आणि ज्यांचे नाव कोणत्याही अहवालात आले नाही, त्या आपल्या समाजाला हे निराळे समजावून सांगण्याची गरज नाही.

पिअर्स यांच्या हस्ताक्षरातील शरणागतीचे असे एक पत्र २००५ साली डब्लिन येथे लिलावात निघाले आणि सात लाख युरोंना विकले गेले. उठावाला शंभर वर्षे झाली त्या वर्षी, म्हणजे २०१६ च्या डिसेंबरात, तेच पत्र पुन्हा त्याच शहरात लिलावास आले. दहा ते पंधरा लाख युरो किंमत येईल असा अंदाज होता. राज्याने ते विकत घेऊन संग्रहालयात ठेवावे अशी मागणी तेथील विरोधी पक्षांच्या लोकप्रतिनिधींनी केली. सरकारने बोली लावली नाही. लिलावात सात लाख सत्तर हजारांपर्यंत बोली चढली, तेथे थांबली आणि पत्र न विकताच परत गेले.

आयर्लंडचे सरकार कृपण होते काय? माझे मत तसे नाही. हुतात्म्याच्या नावाने मागितलेली कोणतीही किंमत सरकारने मुकाट्याने मोजली पाहिजे हे म्हणणे मला मान्य नाही. सरकारचा पैसा हा जनतेचा पैसा असतो. एका कागदासाठी आज दहा लाख मोजले की उद्या दुसऱ्या कागदाचा मालक वीस लाख मागतो, आणि देशभक्ती ही दलालांची दुभती गाय होते. परंतु सरकारने कागद घेतला नाही म्हणून त्याचे कर्तव्य संपत नाही. त्या कागदाची प्रमाणित छायाप्रत सार्वजनिक दप्तरात आहे की नाही, तो देशाबाहेर जाऊ नये यासाठी कायदा आहे की नाही, आणि अभ्यासकाला मूळ कागद पाहण्यास मिळतो की नाही, हे पाहणे सरकारचे काम आहे. मालकी खाजगी असू शकते. इतिहास खाजगी असू शकत नाही.

येथे आयर्लंडचा आणि आपला एक धागा जुळतो. आपल्या संविधानातील राज्यधोरणाच्या मार्गदर्शक तत्त्वांची कल्पना आयर्लंडच्या १९३७ च्या संविधानावरून घेतलेली आहे. त्याच तत्त्वांत आपल्याकडे ४९ वा अनुच्छेद आहे. राष्ट्रीय महत्त्वाची म्हणून कायद्याने घोषित झालेली स्मारके, स्थळे व वस्तू यांचे नाश, विद्रूपीकरण, स्थलांतर, विल्हेवाट आणि निर्यात यांपासून रक्षण करणे हे राज्याचे बंधन आहे, असे तो सांगतो. 'विल्हेवाट' आणि 'निर्यात' हे दोन शब्द लक्षात घ्यावेत. ज्या मसुदा समितीचे अध्यक्ष परमपूज्य बाबासाहेब होते, तिच्या हातून गेलेल्या संविधानात वस्तू मोडणे आणि वस्तू विकून बाहेर घालविणे या दोन्ही गोष्टी एकाच वाक्यात आल्या आहेत.

आता आपल्याकडच्या घटनांकडे वळू. जुलै २००७ मध्ये लंडनच्या एका लिलावात गांधीजींच्या हातचे एक लिखाण निघाले. 'हरिजन' पत्राच्या उर्दू लिपीतील आवृत्तीविषयीचा तो मजकूर त्यांच्या मृत्यूच्या एकोणीस दिवस आधीचा होता. किंमत नऊ ते बारा हजार पौंड येईल असा अंदाज होता. भारतातून ओरड झाली, ते लिलावातून काढून घेण्यात आले आणि भारत सरकारने ते मिळविले. मार्च २००९ मध्ये न्यू यॉर्क येथे त्यांचा चष्मा, चपला, घड्याळ, वाटी व ताटली लिलावास आली. दिल्ली उच्च न्यायालयाने मनाईचा हुकूम दिला; पण दिल्लीच्या न्यायालयाचा हुकूम न्यू यॉर्कच्या लिलावदारावर कसा बजावणार? बोली अठरा लाख डॉलरांवर गेली आणि मद्याच्या एका भारतीय कारखानदाराने, मद्यबंदीच्या त्या थोर पुरस्कर्त्याचा चष्मा घेतला. यावर मी अधिक बोलत नाही. पुढे २०१२ साली, गांधीजींचे आफ्रिकेतील स्नेही हर्मान कालेनबाख यांच्या संग्रहातील पत्रे व कागद लंडनमध्ये विक्रीस निघाले असता, लिलावापूर्वीच भारत सरकारने सुमारे सात लाख पौंड देऊन सगळा संग्रह घेतला आणि तो दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागारात ठेवला.

या तीन प्रसंगांना मी एकच न्याय लावणार नाही. २०१२ ची खरेदी मला योग्य वाटते, कारण तो एक पूर्ण पत्रसंग्रह होता. एकेक पत्र वेगळे विकले गेले असते तर दहा देशांत दहा तुकडे झाले असते आणि त्यांतून काहीच सिद्ध करता आले नसते. चष्म्याचे तसे नाही. चष्मा काही बोलत नाही. तो पाहून भाविकाचे डोळे भरून येतील, पण त्याच्याने एखाद्या करारातला शब्द कोणी घातला हे कळणार नाही. पत्र बोलते, आणि पुष्कळदा लिहिणाऱ्याची इच्छा नसतानाही बोलते.

आपल्यापैकी एखादा तरुण मनात म्हणत असेल की गांधीजींचे कागद जपले जावोत अथवा न जावोत, आपणांस काय त्याचे? ज्यांनी आपल्या स्वतंत्र मतदारसंघाविरुद्ध उपोषण केले त्यांच्या पत्रांची चिंता आपण का वाहावी? याचे उत्तर वकील या नात्याने देतो. न्यायालयात आपल्या पक्षाचा सर्वांत भक्कम पुरावा कोणता? प्रतिपक्षाच्या हातचे लिखाण. स्वतःच्या अशिलाचे म्हणणे कोणीही मांडील. पण प्रतिपक्षाने स्वतः लिहून दिलेल्या शब्दाला उत्तर नसते. बाबासाहेबांनी १९४५ साली काँग्रेस व गांधीजी यांच्या अस्पृश्यांविषयीच्या कार्याची झडती घेणारा जो ग्रंथ लिहिला तो उघडून पाहावा. त्यात पानोपानी पत्रे, ठराव, निवेदने जशीच्या तशी दिलेली आहेत. १९३२ च्या पुणे कराराच्या वेळचा पत्रव्यवहार त्यांनी वाचकापुढे ठेवला आणि मग आपला युक्तिवाद मांडला. हे कागद कोणी जाळले असते, अथवा कोणा धनिकाने विकत घेऊन तिजोरीत ठेवले असते, तर आपला दावा अर्धा लंगडा झाला असता. म्हणून विरोधकाचा कागददेखील जपला गेला पाहिजे, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे.

लिलावाचे नाव निघाले की आपल्या लोकांना पिप्रहवा आठवेल, म्हणून दोन शब्द. १८९८ साली तेथील स्तूपात भगवंतांच्या अस्थींसोबत सापडलेली रत्ने ७ मे २०२५ रोजी हाँगकाँग येथे लिलावास निघणार होती. भारत सरकारने कायदेशीर नोटीस दिली, लिलाव स्थगित झाला आणि ३० जुलैला ती रत्ने भारतात परत आली. आनंदाची गोष्ट आहे. पण ती परत आली ती एका भारतीय उद्योगसमूहाने विकत घेतल्यामुळे, हेही विसरू नये. नोटिशीने विक्री थांबली. मालकीचा प्रश्न मात्र अखेर पैशानेच सुटला. तेथील प्रश्न श्रद्धेचा होता. आपला आजचा विषय कागदाचा आहे, तेव्हा त्याकडे परत येतो.

पत्र हे कायद्याच्या दृष्टीने मोठे विचित्र मालमत्ताद्रव्य आहे. मी तुम्हांला पत्र पाठविले तर ते पत्र कोणाचे? इंग्लंडमध्ये १७४१ साली हा वाद निघाला होता. अलेक्झांडर पोप नावाच्या कवीची पत्रे कर्ल नावाच्या पुस्तकविक्रेत्याने परवानगीवाचून छापली. न्यायालयाने निकाल दिला की ज्याला पत्र आले त्याची मालकी कागदावर. शब्दांवरचा हक्क लिहिणाऱ्याचाच राहतो. आजही कायद्याचे सूत्र तेच आहे. तुमच्या आजोबांना आलेले पत्र ठेवणे, विकणे, देऊन टाकणे तुमच्या हातात आहे; पण ते छापण्याचा हक्क त्यामुळे तुम्हांला मिळत नाही, आणि ज्याने ते लिलावात घेतले त्यालाही मिळत नाही. आपल्याकडे लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षांनी हा हक्क संपतो. बाबासाहेबांनी हयातीत प्रसिद्ध केलेल्या ग्रंथांवरील हक्क त्याप्रमाणे २०१६ च्या अखेरीस संपला. मरणोत्तर प्रथम प्रसिद्ध झालेल्या लिखाणाची साठ वर्षे मात्र प्रसिद्धीपासून मोजतात. 'आपल्याकडे बाबासाहेबांचे अप्रकाशित पत्र आहे, उद्याच छापून टाकू', असे म्हणणाऱ्याने ही गोष्ट ध्यानात ठेवावी.

दुसरा कायदा १९७२ चा, पुराणवस्तूंविषयीचा. सामान्यतः शंभर वर्षांपूर्वीची वस्तू पुराणवस्तू ठरते. परंतु ऐतिहासिक, वाङ्मयीन अथवा शास्त्रीय महत्त्वाच्या हस्तलिखितास किंवा दस्तऐवजास पंचाहत्तर वर्षे पुरेशी आहेत. हिशेब करून पाहावा. १९२७ च्या महाड सत्याग्रहाच्या वेळचा कागद केव्हाच या व्याख्येत आला. १९५० साली संविधान अमलात आले त्या वर्षीची पत्रेही आता त्यात आली. १९५६ च्या दीक्षेचे कागद आणखी थोड्याच वर्षांत येतील. अशी वस्तू परदेशी पाठविण्यास खाजगी माणसाला मनाई आहे; अपराधास किमान सहा महिने व कमाल तीन वर्षे कैद आणि दंड आहे. पुराणवस्तूंचा व्यापार करणाऱ्यास परवाना लागतो. म्हणून कोणी गोड बोलणारा गृहस्थ घरी येऊन 'परदेशात याला मोठे मोल येईल' असे सांगू लागला, तर प्रथम त्याचा परवाना मागावा.

हे मी काल्पनिक बोलत नाही. गेल्या काही वर्षांत चळवळीतल्या जुन्या कार्यकर्त्यांची दोन-तीन घरे या कामी सल्ला विचारण्यास माझ्याकडे आली. एका घरी आजीने आपल्या पतीला आलेले एक पोस्टकार्ड बिस्किटाच्या डब्यात, पैशांच्या पुडीशेजारी, जन्मभर ठेवले होते. आजीला अक्षरओळख नव्हती. पण त्या कार्डावर सही कोणाची आहे हे तिला पक्के ठाऊक होते. नातवाने ते दुकानात नेऊन प्लॅस्टिकमध्ये घट्ट चिकटवून आणले. हेतू चांगला होता. परंतु त्या तापाने आणि डिंकाने कागदाचे जे झाले ते आता मागे घेता येणार नाही. पुढे एक संग्राहक आला आणि काही हजार रुपये देऊ लागला. मुलाच्या शिक्षणाचा खर्च उभा होता. अशा माणसाला 'विकू नकोस' असे व्यासपीठावरून सांगणे सोपे आहे. मी तसे सांगितले नाही. मी एवढेच विचारले की हे कार्ड कोणाच्या हातून कोणाच्या हाती आले हे कोणी लिहून ठेवले आहे काय? नव्हते. म्हणजे जे विकावयाचे त्याची साक्षच घरात नव्हती.

ही साक्ष का महत्त्वाची? पुराव्याच्या कायद्यात एक जुने तत्त्व आहे. १८७२ च्या कायद्यात ते ९० व्या कलमात होते. १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमात ते ९२ व्या कलमात आहे. तीस वर्षांचा जुना दस्तऐवज योग्य ताब्यातून हजर केला गेला, तर त्यावरील सही व हस्ताक्षर खरे आहे असे न्यायालय गृहीत धरू शकते. 'योग्य ताबा' या दोन शब्दांत सारे आहे. ज्याच्याकडे तो कागद असणे स्वाभाविक, त्याच्याकडे तो सापडला पाहिजे. कार्यकर्त्याच्या नातवाच्या घरी, मूळ पाकिटासह, त्याच ट्रंकेत सापडलेले पत्र बोलते. तेच पत्र दलालाच्या फाईलमध्ये, आधी कोठे होते याचा पत्ता नसताना सापडले, तर ते मुके होते. आणि मुक्या कागदाच्या आडून खोटे कागद बाजारात शिरतात. थोर पुरुषांच्या बनावट सह्या करणारे कारागीर जगात कमी नाहीत. लिलावात कागद एकदा हातोहात फिरू लागला की त्याची साखळी तुटते, हे मला विक्रीतले सर्वांत मोठे नुकसान वाटते. पैशाचा प्रश्न त्यानंतरचा.

जुन्या कागदाचे मोल तुम्हांला मी शिकवावे असेही नाही. जातीच्या दाखल्याची पडताळणी करताना १० ऑगस्ट १९५० पूर्वीचा पुरावा मागतात. १९९० साली कायद्यात दुरुस्ती होऊन बौद्धांना अनुसूचित जातीच्या सवलती केंद्रातही मिळू लागल्या, तेव्हापासून आजोबांचा शाळा सोडल्याचा दाखला, गावच्या नोंदवहीतला उतारा, पणजोबांच्या नोकरीचा कागद यांसाठी ज्या घरातील पेट्या उलट्यापालट्या झाल्या नाहीत असे घर विरळा. दाखला सापडला की बाकीचे कागद मात्र रद्दीत जातात. त्या बाकीच्यांत सभेच्या पावत्या असतात, बोर्डिंगच्या वर्गणीच्या याद्या असतात, मेलेली जनावरे ओढण्याचे नाकारल्याबद्दल गावाने घातलेल्या बहिष्काराविरुद्ध मामलेदारांकडे केलेल्या अर्जाची नक्कल असते. त्यांवर कोणा थोर पुढाऱ्याची सही नसेल, लिलावात त्यांना कोणी दमडीही देणार नाही. पण उद्या कोणी म्हणाला की तुमच्या गावात अस्पृश्यता नव्हतीच, तर त्याला उत्तर हाच अर्ज देईल.

आणि मोठ्या पुढाऱ्यांचे कागद आपोआप सुरक्षित राहतात, अशीही समजूत नको. बाबासाहेबांचे महापरिनिर्वाण ६ डिसेंबर १९५६ रोजी झाले. त्यांच्या अप्रकाशित लिखाणाच्या पेट्या न्यायालयीन ताब्यातून फिरत पुढे महाराष्ट्राच्या शासकीय विश्वस्तांकडे आल्या. नागपूरचे वकील जे. बी. बनसोड यांनी उच्च न्यायालयात दावा लावला. त्यांची मागणी साधी होती : हे लिखाण मला प्रसिद्ध करू द्या, नाहीतर सरकारला प्रसिद्ध करावयास सांगा. १९७६ साली महाराष्ट्र सरकारने समिती नेमली, वसंत मून यांनी संपादनाचा भार उचलला आणि १९७९ साली पहिला खंड निघाला. हिंदुधर्मातील कोड्यांविषयीचे लिखाण १९८७ साली चौथ्या खंडात आले तेव्हा महाराष्ट्रात केवढे रण माजले हे वडीलधाऱ्यांना आठवत असेल. ते लिखाण हाताने व टंकाने लिहिलेल्या पानांच्या गठ्ठ्यातून जुळवावे लागले होते. मूळ पाने हाती होती म्हणूनच ती समिती वादळात उभी राहू शकली. ती पाने त्याआधी कोणा हौशी संग्राहकाने एकेक करून विकत घेतली असती तर चौथा खंड निघाला असता काय, याचा विचार करावा. पुढे या ग्रंथांच्या छपाईचे काम रेंगाळले आणि २०२१ साली मुंबई उच्च न्यायालयाला स्वतःहून त्याची दखल घ्यावी लागली. म्हणजे कागद सरकारी कपाटात गेला की काम संपले, असेही नाही. मागणी करणारा कोणीतरी लागतोच. लंडनमधील ज्या घरात विद्यार्थी असताना बाबासाहेब राहिले होते ते विक्रीस निघाले, तेव्हा लोकांनी मागणी केली आणि २०१५ साली महाराष्ट्र सरकारने ते घेतले, हे उदाहरणही आपल्यापुढे आहे.

आता घरी गेल्यावर काय करावे एवढे सांगतो. पेटी उघडावी. पत्र पाकिटासह ठेवावे, कारण टपालाचा शिक्का हाच तारखेचा साक्षीदार असतो. प्लॅस्टिक चढवू नये, चिकटपट्टी लावू नये, टाचणी अथवा लोखंडी क्लिप असेल तर अलगद काढावी, कारण तिचा गंज कागद खातो. उन्हापासून, ओलीपासून व वाळवीपासून दूर ठेवावे. दोन्ही बाजूंचे छायाचित्र घ्यावे. एका वेगळ्या कागदावर घरातील सर्वांत वडील माणसाला विचारून लिहावे : हे पत्र कोणाला आले, त्याच्यानंतर कोणाकडे राहिले, आता कोणाकडे आहे, आणि खाली तारीख व सही घ्यावी. वडील माणसाला लिहिता येत नसेल तर अंगठा घ्यावा व दोन साक्षीदार करावेत. हे काम येत्या पावसाळ्यापूर्वी झाले तर बरे. सांगणारी माणसे थकत चालली आहेत.

ज्यांना कागद घरी ठेवणे शक्य नाही त्यांनी तो दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागाराकडे, मुंबईच्या पुराभिलेख खात्याकडे अथवा एखाद्या जबाबदार ग्रंथालयाकडे द्यावा. परंतु हातोहात देऊ नये. लेखी करार करावा. देणाऱ्या कुटुंबाचे नाव नोंदले जाईल, कागद पुढे विकला जाणार नाही, चांगली प्रत कुटुंबास मिळेल आणि अभ्यासकास मूळ कागद पाहता येईल, एवढ्या गोष्टी त्यात असाव्यात. कागदांची यादी करून तिच्यावर पोच घ्यावी. ज्यांना गरजेपोटी विकणेच भाग आहे त्यांनी प्रथम अशा संस्थेस विचारावे, आणि विकण्यापूर्वी छायाप्रत व वर सांगितलेली साक्ष जरूर करून ठेवावी. कराराचा एक साधा नमुना मी मराठीत करून आणला आहे. तो वाचनालयाच्या टेबलावर ठेवला आहे. ज्यांना हवा त्यांनी नक्कल करून घ्यावी. ज्यांनी आज सोबत कागद आणले आहेत त्यांनी ते हाताळण्यासाठी इतरांकडे देऊ नयेत. मी एकेकाजवळ येऊन पाहतो.

जयभीम.